अनामिका आणि इलेक्ट्रॉन

तबल्यावर ‘ना’ वाजतो तो तर्जनीने, असं मला लहानपणी वाटे. अप्पा म्हणत, “अनामिकेकडे बघ.” ती शाईच्या कडेला नुसती टेकलेली असते. १९२० साली सी. व्ही. रामन यांनी तबल्याच्या स्वरांवर लिहिलं. पुढे ते वर्गात शिकवताना मला अप्पांचं म्हणणं उमगलं. बोट टेकतं तिथे पुडी हलू शकत नाही. त्या जागी हलू पाहणारी कंपनं दबतात आणि जी एरवीही तिथे स्थिर असतात तीच गातात.

अँटवर्पच्या एका प्रयोगाविषयी वाचताना ही अनामिका पुन्हा आठवली.

सोन्याची किंवा चांदीची, काहीशे नॅनोमीटर लांबीची कांडी घ्या. उजेड पडला की तिच्यातले इलेक्ट्रॉन या टोकाकडून त्या टोकाकडे हिंदकळतात आणि प्रकाशाची ऊर्जा टोकांशी दाटते. या हिंदकळण्याला प्लाझ्मॉन म्हणतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाला हे बारकावे दिसत नाहीत. ३०० किलोव्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी मात्र जेमतेम २ पिकोमीटर. तो कांडीजवळून जाताना तिला हलवतो आणि स्वतःची थोडी ऊर्जा गमावतो. ठिकठिकाणी तो तोटा मोजला की नकाशा उमटतो. २००७ साली फ्रान्समध्ये, ओर्से इथे, चांदीच्या त्रिकोणी कणांचे असे नकाशे निघाले.

पण त्या नकाशात दोन्ही टोकं सारखीच उजळ. एक धन असताना दुसरं ऋण आहे, की दोन्ही एकदमच धन होतात? ही आघाताची उणीव आहे. उघड्या पंजाची थाप मारली की पुडी सगळ्याच अंगांनी बोलते.

इलेक्ट्रॉन तरंगही आहे, म्हणून त्याला घाट देता येतो. २०१० मध्ये जपानमध्ये उचिदा आणि तोनोमुरा यांनी त्याला ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या पायऱ्यांतून धाडून जिन्यासारखा पीळ दिला. त्याच वर्षी अँटवर्पच्या यो व्हेर्बेक यांनी सहकाऱ्यांसह प्लॅटिनमच्या पत्र्यात फाटा फुटलेली जाळी कोरून तेच साधलं. ही कारागिरी मला फार मोठी वाटते.

तिथल्याच गटाने २०१७ मध्ये प्लाझ्मॉनसाठी इलेक्ट्रॉनांची दोन पाकळ्यांची शलाका वापरली. एका पाकळीत तरंग चढता असतो तेव्हा दुसरीत उतरता. पाकळ्या कांडीच्या दोन टोकांशी धरल्या की टोकांना उलट चिन्ह देणारी हालचालच जाब देते. दोन्ही टोकं एकसारखी करणारी हालचाल गप्प राहते, कारण तिच्यासाठी दोन पाकळ्या एकमेकींना खोडतात. मात्र त्यासाठी सरळ अक्षावर उतरणारे इलेक्ट्रॉनच मोजायचे, बाकीचे गाळायचे. त्यामुळे खूण क्षीण मिळते आणि धीर लागतो.

शलाका नव्वद अंशांनी फिरवली, पाकळ्या कांडीच्या आडव्या अंगाला आल्या, की तोच जाब मावळतो. अप्पा माझी अनामिका जरा उचलत, आणि ‘ना’ हरवे.