चमत्कारामागचा लेखक : शिवराम वाशीकर

पडद्यावर एखादा अजस्र प्राणी समुद्रातून वर येतो आणि शहर तुडवत निघतो, तेव्हा आपण श्वास रोखून पाहतो. घरी आल्यावर त्याची शेपटी केवढी होती हे हातवारे करून सांगतो. पण ती गोष्ट कोणी लिहिली, असे कोणी विचारले तर? बहुतेकांना उत्तर देता येणार नाही.

अशा चित्रपटांचे माहेरघर म्हणजे जपान. तिथे १९५४ साली ‘गोजिरा’ आला. त्याचे दिग्दर्शक इशिरो होंडा आणि त्यातली चमत्कृतीची दृश्ये उभी करणारे एजी त्सुबुराया यांची नावे जगभर झाली. लेखक मात्र मागे राहिले. त्यांपैकी एक ताकेशी किमुरा. ताकेओ मुराता यांच्यासह त्यांनी ‘रोदान’ (१९५६) लिहिला. चित्रपट अवाढव्य उडत्या प्राण्यांचा, पण तो सुरू होतो कोळशाच्या खाणीत. आधी खाणकामगार दिसतात, त्यांची भांडणे आणि त्यांच्या घरावर कोसळलेले दुःख दिसते. प्राणी येतात ते नंतर. आधी माणसे खरी वाटली, म्हणून पुढची अशक्य गोष्टही खरी वाटते. हे काम लेखकाचे.

असाच एक लेखक आपल्या मराठीतही होऊन गेला. त्याचे नाव शिवराम वाशीकर. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ची (१९३६) पटकथा त्यांची. दिग्दर्शक होते विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल. तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस होते, तर जिजाईच्या भूमिकेत गौरी. मुंबईत हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ च्या व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात नावाजला गेला. आजही जाणकार त्याची गणना श्रेष्ठ भारतीय चित्रपटांत करतात. त्याविषयी बोलताना पागनीसांचे नाव निघते, दामले-फत्तेलालांचे निघते, वाशीकरांचे क्वचितच.

त्यांच्यापुढची अडचण लक्षात घ्या. गोष्ट सर्वांना पाठ होती. महिपतीने अठराव्या शतकातच संतांच्या कथा ओवीबद्ध केल्या आणि कीर्तनकारांनी त्या घरोघरी पोहोचवल्या. आपल्या लश्करात ढोलीबुवांच्या मठाची कीर्तनपरंपरा आहे आणि तानसेन समारोहाचा प्रारंभही ढोलीबुवांच्या हरिकथेने होतो, तेव्हा आपल्याला हे वेगळे सांगायला नको. इंद्रायणीतल्या वह्या परत येणार आणि शेवटी तुकोबा वैकुंठाला जाणार, हे प्रेक्षक घरूनच ठाऊक करून येत होता. मग त्याला धरून ठेवायचे कशाने?

वाशीकरांचे उत्तर होते जिजाई. चित्रपटात चमत्कार पुष्कळ आहेत. कीर्तनात शिवाजी महाराजांना पकडायला शत्रूचे सैनिक येतात आणि त्यांना जिकडेतिकडे शिवाजीच दिसू लागतो. शेवटी गरुड तुकोबांना घेऊन आकाशात उडतो. पण या सगळ्याच्या मधोमध एक बाई आहे आणि तिला रोजची चूल पेटवायची आहे. नवरा विठ्ठलाच्या नादी लागला, घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणले आहे. ती संतापते, आजारी मुलाला ओढत देवळात जाते आणि हातात पायताण घेऊन थेट देवालाच जाब विचारते. तिची भाषा ग्रंथातली नाही, घरातली आहे, रोकठोक आणि मायेची. वैकुंठापेक्षा तिला पोरे आणि चूल जवळची. म्हणूनच गरुड उडतो तेव्हा आपले डोळे वर जातात, पण जीव खाली राहिलेल्या जिजाईपाशी घुटमळतो. जिजाई काढून टाकली, तर उरेल फक्त करामत.

पुढे ‘गोपाळकृष्ण’ (१९३८), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आणि ‘संत सखू’ (१९४१) याही प्रभातच्या चित्रपटांचे लेखन वाशीकरांनी केले. कोणी म्हणेल, देवादिकांच्या कथा लिहिणे सोपे. त्याने ‘रामशास्त्री’ (१९४४) पाहावा. त्यात चमत्कार नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा एक न्यायाधीश आहे. इथे चकित व्हायला होते ते माणसाच्या निर्भयपणाने, आणि तेही वाशीकरांच्याच लेखणीतून.

मग असे लेखक विसरले का जातात? एक कारण असे, की चांगले लेखन दिसतच नाही. संवाद ऐकताना ते त्या पात्राचेच वाटतात. ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवले यांनी नवा अभंग रचला, तर तो खुद्द तुकोबांचाच आहे असे अनेकांना वाटले. याहून मोठी पावती कोणती? पण त्या पावतीवर लेखकाचे नाव नसते.

याविरुद्ध उभा राहिलेला एक लेखक आपल्या ग्वाल्हेरचा. जावेद अख्तर यांचा जन्म १९४५ साली इथेच झाला. १९७३ साली ‘जंजीर’च्या भित्तिपत्रकांवर लेखकांची नावे नव्हती, तेव्हा सलीम-जावेद या जोडीने ती मुंबईभर रंगवून घेतली. वाशीकरांच्या वाट्याला असे काही आले नाही. त्यांचे नाव सुरुवातीच्या श्रेयनामावलीत क्षणभर दिसते आणि जाते.

सुदैवाने ‘संत तुकाराम’ आजही पाहायला मिळतो. पालकांना विनंती, की सुटीत मुलांसोबत तो जरूर पाहावा. बाहेर हिंदीत वावरणाऱ्या आपल्या मुलांना जिजाईच्या तोंडचे ठसकेबाज मराठी ऐकायला मिळेल, हाही लाभच. सुरुवातीची नावे मात्र पुढे ढकलू नका.

आणि मुलांनो, स्नेहसंमेलनात नाटुकले बसते तेव्हा टाळ्या राजाला आणि विदूषकाला मिळतात. वहीत ते लिहून काढणारा मुलगा किंवा मुलगी पडद्यामागे उभी असते. पुढच्या वेळी कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे नाव सर्वांत आधी छापूया.