संगणकाचा वीजपुरवठा : निवड कशी करावी?

खेळांसाठी लागणारा वेगवान संगणक तयार विकत न घेता, सुटे भाग आणून घरीच जुळवण्याची हौस आज अनेक विद्यार्थ्यांना असते. प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणते, यावर तासन्‌तास चर्चा होते. मग उरलेल्या पैशांत बसेल तो वीजपुरवठा संच, म्हणजे बाजारात ज्याला ‘एसएमपीएस’ म्हणतात तो डबा, शेवटी उचलला जातो. वास्तविक संगणकाच्या प्रत्येक भागाला वीज मिळते ती याच डब्यातून. तो बिघडला आणि बिघडताना त्याने १२ व्होल्टऐवजी बरेच जास्त विभवांतर सोडले, तर घरच्यांनी पैसे साठवून घेतलेले बाकीचे भागही त्याच्याबरोबर निकामी होऊ शकतात. ही निवड नीट करायला नववी-दहावीचे भौतिकशास्त्र बहुतांशी पुरेसे आहे. ते कसे, हे आपण पाहू.

डब्यात काय घडते?

आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची, ५० हर्ट्‌झची प्रत्यावर्ती धारा असते. संगणकाला मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टची दिष्ट धारा लागते. साधे रोहित्र वापरूनही हे काम होईल. पण ५० हर्ट्‌झवर काही शे वॅट शक्ती देणाऱ्या रोहित्राचा लोखंडी गाभा चांगलाच मोठा आणि जड होतो. म्हणून एसएमपीएसमध्ये वेगळी युक्ती योजलेली असते. आधी प्रत्यावर्ती धारेचे दिष्ट धारेत रूपांतर होते. तेथे विभवांतर तीनशे ते चारशे व्होल्टच्या घरात असते. नंतर ट्रान्झिस्टर ही धारा सेकंदाला हजारो वेळा बंद-चालू करतात. वारंवारता इतकी वाढली, की तेवढीच शक्ती अगदी छोट्या रोहित्रातून नेता येते. शेवटी पुन्हा दिष्टीकरण होते आणि बाहेर पडणारे विभवांतर सतत तपासून स्थिर राखले जाते.

किती वॅट हवेत?

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. रायझेन ५ ७६०० या प्रोसेसरवर ‘६५ वॅट’ असे लिहिलेले असले, तरी तो जास्तीत जास्त ८८ वॅट घेऊ शकतो. आरटीएक्स ४०७० हे ग्राफिक्स कार्ड २०० वॅट घेते. मदरबोर्ड, स्मृती, साठवण आणि पंखे यांसाठी आपण ६० वॅट धरू. एकूण बेरीज साधारण ३५० वॅट झाली.

मग ३५० वॅटचा संच पुरेल का? नाही. ग्राफिक्स कार्डाची मागणी एकसारखी नसते. खेळातील दृश्य बदलताच ती काही क्षण सरासरीच्या बरीच वर उसळते. हा क्षण सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका लहान असला, तरी कमकुवत संच तेवढ्यात बंद पडतो आणि ऐन खेळात संगणक विझतो. ही अडचण ओळखूनच २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात, नव्या १२+४ पिनांच्या जोडणीच्या संचांनी आपल्या मापाच्या दुप्पट शक्ती १०० मायक्रोसेकंद पेलावी, अशी अपेक्षा ठेवली गेली. शिवाय बहुतेक संच अर्ध्या भाराच्या आसपास सर्वांत कार्यक्षम असतात. या कार्डासाठी निर्माते ६५० वॅटचा संच सुचवतात, त्यामागे असा हिशेब आहे. उलट याच संगणकाला १००० वॅटचा संच घेण्यात मात्र लाभ नाही. संगणक लागेल तेवढीच वीज खेचतो.

तक्ता वाचायला शिका

डब्यावर ठळक छापलेल्या आकड्यापेक्षा बाजूचा बारीक तक्ता महत्त्वाचा. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डे जवळजवळ सर्व शक्ती १२ व्होल्टच्या वाहिनीतून घेतात. आपल्या उदाहरणात या दोघांची मागणी २८८ वॅट आहे. P = VI या सूत्राने २८८ ला १२ ने भागले, की २४ अँपिअर येतात.

आता समजा, एका स्वस्त डब्यावर ‘५०० वॅट’ लिहिले आहे आणि तक्त्यात १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर, ५ व्होल्टसमोर २५ अँपिअर, ३.३ व्होल्टसमोर २० अँपिअर असे आकडे आहेत. गुणाकार करा : २१६, १२५ आणि ६६. बेरीज ४०७ वॅटच भरते! त्यातही आपल्या उपयोगाचे वॅट फक्त २१६. म्हणजे हा ‘५०० वॅट’चा संच आपल्या २८८ वॅटच्या मागणीलाही पुरत नाही. चांगल्या ६५० वॅटच्या संचात १२ व्होल्टसमोर ५४ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो.

भार १२ व्होल्टवरच का आला? पूर्वीचे प्रोसेसर ५ किंवा ३.३ व्होल्टची वाहिनी वापरत. १०० वॅट ५ व्होल्टने पुरवायचे तर २० अँपिअर लागतात. १२ व्होल्टने सुमारे ८.३ अँपिअर पुरतात. तारेतील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून त्याच तारेत ५ व्होल्टला सुमारे पावणेसहापट उष्णता वाया जाईल. २००० सालच्या सुमारास प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची स्वतंत्र जोडणी आली, ती यामुळेच.

ब्राँझ आणि गोल्ड

डब्यावर ‘८० प्लस’ अशी खूणही असते. २००४ साली सुरू झालेल्या या योजनेत संचाची कार्यक्षमता मोजतात. ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या भारावर ब्राँझची कार्यक्षमता किमान ८५ टक्के, तर गोल्डची ९० टक्के असावी लागते. आपल्या ३५० वॅटसाठी भिंतीतून अनुक्रमे सुमारे ४१२ आणि ३८९ वॅट घेतले जातील. रोज चार तास पूर्ण भाराने वापर धरला, तर वर्षाला फरक पडतो सुमारे ३३ युनिटांचा. युनिटला दहा रुपये धरले तर ३३० रुपये. किमतीतला फरक किती वर्षांत वसूल होईल, हे विद्यार्थ्यांनीच काढावे. मात्र ही खूण कार्यक्षमतेची आहे, सुरक्षिततेची नव्हे. जादा विभवांतर, जादा धारा आणि शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण आहे का, हे वेगळे पाहावे लागते.

काही सावधगिरी

एक, तीन पिनांचा प्लग आणि चांगले अर्थिंग हवेच. संचाच्या आत वीजवाहिन्या आणि धातूची पेटी यांमध्ये गाळणीचे छोटे धारित्र असतात. अर्थिंग नसेल तर पेटीला हात लावताच झिणझिण्या येतात, त्या यामुळे.

दोन, सुट्या केबलच्या संचात दुसऱ्या संचाची केबल कधीही लावू नये. ती खाचेत नीट बसली, तरी संचाकडील टोकाच्या पिनांचा क्रम सर्वत्र सारखा नसतो. १२ व्होल्ट भलत्याच तारेत गेले, तर भाग क्षणात जळतात.

तीन, जिज्ञासा कितीही असली, तरी हा डबा उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील मोठ्या धारित्रात काही काळ जीवघेणा विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

शाळेच्या संगणकांवरील तक्ते बाहेरूनच वाचून वर्गात हे गुणाकार सहज करून घेता येतील. खोलीतील संगणक एकाच फलकावर किती चालवता येतील, हा पुढचा प्रश्न विद्यार्थी मग आपण होऊन विचारतील.