लाल शाईच नाही, तर लाल फूल छापलं कसं?

घरातला किंवा ओळखीच्यांकडचा रंगीत प्रिंटर कधी उघडून पाहिला आहेस? मोठ्या माणसाला सोबत घे आणि आतल्या शाया मोज. आकाशी, गुलाबी, पिवळी आणि काळी. बस्स, बहुतेक घरगुती प्रिंटरमध्ये एवढ्या चारच!

लाल कुठे आहे? हिरवी कुठे आहे? नाहीच! आणि तरी तोच प्रिंटर लालभडक जास्वंद आणि तिची हिरवीगार पानं छापतो!

या गुलाबीचं खरं नाव मॅजेंटा आणि आकाशीचं सायन. आता गंमत ऐक. शाई कागदाला रंग देते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती रंग गिळते! पांढऱ्या उजेडात इंद्रधनुष्यातले सगळे रंग लपलेले असतात. पिवळी शाई त्यातला निळा गिळते. मॅजेंटा हिरवा गिळते. दोघी एकाच जागी आल्या, की निळाही गेला आणि हिरवाही गेला. मग उरलं कोण? लाल! तोच कागदावरून उडी मारून तुझ्या डोळ्यात शिरतो.

आणि पानं? सायन लाल गिळते, पिवळी निळा गिळते. उरतो हिरवा. जमलं!

आता ओळख पाहू: मॅजेंटा शाई संपली, तर आपली जास्वंद कोणत्या रंगाची छापली जाईल? पिवळी! पानं मात्र हिरवीच. म्हणजे एखादा फोटो असा विचित्र आला, तर कोणती शाई रुसली आहे हे फोटोच सांगतो!

बरं, फिकट गुलाबी रंगासाठी फिकट गुलाबी शाई लागेल ना? छे! ठिपक्यांची रांगोळी आठव. ठिपके दाटीने काढले, की लांबून सगळा भाग रंगलेला वाटतो. विरळ काढले, की मधली जमीन दिसते आणि रंग हलका वाटतो. प्रिंटरही हेच करतो. मधली जमीन म्हणजे पांढरा कागद. पांढरी शाई त्याच्याकडे नसतेच मुळी! साध्या कागदावर छापलेलं फिकट आकाश भिंगातून बघ, ठिपकेच ठिपके दिसतील.

हे ठिपके किती लहान असतात माहीत आहे? शाईचा एक थेंब असतो जेमतेम काही पिकोलिटरचा. पिकोलिटर म्हणजे मिलिलिटरचा अतिशय चिमुकला अंश. 5 पिकोलिटरचा धरू. चहाच्या चमच्यात 5 मिलिलिटर मावतं. मग एका चमच्यात असे किती थेंब बसतील? शंभर कोटी! पुन्हा वाच. शंभर कोटी! हवेत उडताना असा थेंब आपल्या केसाहूनही बारीक असतो.

इतका चिमुकला थेंब उडवायचा कसा? 1977 साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तारा जोडायचं तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकून लागलं. आणि शाई फुर्रकन बाहेर! त्यातून कल्पना सुचली: शाईला क्षणभर चटका द्यायचा, बुडबुडा फुगतो आणि थेंबाला बाहेर ढकलतो. काही प्रिंटर अजूनही असेच चालतात. काहींमध्ये वीज दिली की वाकणारा इवलासा तुकडा असतो, तो शाई ढकलतो.

पण फोटो पडद्यावर झकास दिसतो आणि कागदावर काळपट येतो, असं का? कारण पडदा स्वतः उजेड फेकतो. लाल, हिरवे आणि निळे इवलेसे दिवे लावून! कागदाकडे स्वतःचा उजेड कुठला? त्यामुळे काही झगझगीत रंग त्याला जमतच नाहीत.

पण बाकीचे रंग नीट यावेत म्हणून तर सेटिंग आहेत! सगळ्यात आधी बघ कागदाचा प्रकार. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं हेच सगळे विसरतात. साधा कागद शाई पितो, ठिपके पसरतात. चकचकीत फोटो कागदावर ते टिपटॉप राहतात. कोणता कागद घातलाय हे प्रिंटरला खरं सांगितलं, तर किती शाई सोडायची ते त्याला कळतं.

मग रंगांच्या पट्ट्या. मोठ्यांना कॉम्प्युटरवरच्या प्रिंटच्या खिडकीतून रंगांचं सेटिंग उघडायला सांग. तिथे सायन, मॅजेंटा आणि पिवळा कमीजास्त करता येतात. जो रंग नको तितका दिसतोय, त्याला गिळणारी शाई वाढवायची! आजीचा चेहरा हिरवट आलाय? मॅजेंटा थोडी वाढव. निळसर आलाय? पिवळी वाढव. लालसर आलाय? सायन! एका वेळी एकच पट्टी, तीही जराशीच सरकव. आणि अख्खा फोटो नको, आधी छोटासा तुकडा छापून बघ. शाई महाग असते!

फोटोवर आडवे पट्टे आले असतील, तर पट्ट्या सरकवून काही होणार नाही. तेव्हा बहुतेकदा शाईची भोकं, म्हणजे नोझल, तुंबलेली असतात. प्रिंटरमध्ये नोझल तपासायची सोय असते, ती आधी वापरायची.

छापलेला तुकडा खिडकीशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघ हं! पिवळसर बल्बखाली सगळंच पिवळट वाटतं आणि मग आपण भलतीच पट्टी सरकवतो.