मिठागरातला अंश आणि काचेची नळी

भाईंदरची जुनी ओळख मिठागरांची. उधाणाच्या भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचं आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ पिकवायचं, हे काम लांबून सोपं वाटतं. खरी परीक्षा वेळ साधण्याची असते. पाणी शेवटच्या वाफ्यात कधी सोडायचं, आणि मीठ बसल्यावर वर उरलेलं कडू पाणी कधी काढून टाकायचं? हे ठरवायला हायड्रोमीटर लागतो: तळाशी छर्रे भरलेली, वरच्या बारीक दांडीवर अंशांच्या खुणा असलेली काचेची बंद नळी. या नळीवरचा आकडा खरा असतो, पण द्रव कुठून आला आणि किती तापला आहे हे ठाऊक नसेल तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. नळी विकत घेतानासुद्धा विचार आधी द्रवाचाच करायला हवा.

तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकाच द्रव बाजूला सारते, हा आर्किमिडीजचा नियम. द्रव जड असेल तर नळी कमी बुडते, हलका असेल तर जास्त. आंत्वान बोमे या फ्रेंच औषधनिर्मात्याने १७६८ मध्ये यावर मोजपट्टी बसवली, तीही मिठाच्याच आधाराने: शुद्ध पाण्याला ० आणि १५ टक्के मिठाच्या द्रावणाला १५. समुद्राचं पाणी या पट्टीवर जेमतेम ३ ते ३.५ अंश भरतं. ते आटत १३ अंशांच्या पुढे गेलं की जिप्सम खाली बसू लागतं. मीठ मात्र २५ ओलांडेपर्यंत दिसत नाही, आणि तोवर मूळ पाण्याचा साधारण दहावा हिस्साच उरलेला असतो. तिथून २९ अंशांपर्यंत बहुतांश मीठ पदरात पडतं. त्यानंतर मॅग्नेशियमचे क्षार मिठात अधिकाधिक मिसळू लागतात. ते कडवट असतात आणि हवेतली ओल ओढून घेतात, त्यामुळे असं मीठ पावसाळ्यात पाझरतं.

यातली एक गोष्ट घरीही पडताळता येते. उंच भांड्यात स्वच्छ पाणी घ्या आणि तळाशी न विरघळलेलं मीठ शिल्लक राहीपर्यंत त्यात मीठ घालत, ढवळत राहा. गढूळपणा खाली बसू द्या आणि नळी सोडा. आकडा २४च्या आसपास थांबतो, त्यापुढे चढत नाही. मग मिठागरात २५च्या पुढचे अंश येतात कुठून? खाडीच्या पाण्यात मिठाबरोबर मॅग्नेशियमचे आणि इतर क्षारही असतात, आणि नळी त्या सगळ्यांचं एकत्रित वजन जोखते. मीठ किती आणि बाकीचे किती, हे तिला कळत नाही. दुधाच्या लॅक्टोमीटरची अडचण हीच. साय काढली की दूध जड होतं, मग बेताने पाणी घातलं की पुन्हा पहिल्या खुणेवर येतं. आकडा तोच, दूध मात्र वेगळं. मिठागरात तो आकडा भरवशाचा ठरतो, कारण तिथे द्रवाचं मूळ माहीत असतं: समुद्राचं पाणी ठरलेल्या क्रमानेच आटतं.

तापमानाकडे तर फारच थोडे लोक लक्ष देतात. नळीवर ती कोणत्या तापमानाला आखली आहे ते लिहिलेलं असतं, बहुधा १५.६ अंश सेल्सियस किंवा त्याच्या जवळपास. दुपारी वाफ्यातलं पाणी त्याहून वीसेक अंशांनी तापलेलं असेल तर ते प्रसरण पावून हलकं होतं आणि नळी जवळपास एक अंश कमी दाखवते. मीठ पिकण्याचा सगळा पल्लाच चार अंशांचा. त्यात एक अंश चुकला की कडू पाणी उशिरा निघतं. उत्तर अमेरिकेत मेपलच्या झाडाचा रस उकळून पाक करतात, तिथल्या हायड्रोमीटरवर म्हणूनच दोन लाल रेघा असतात: उकळत्या पाकासाठी ५९ ब्रिक्सची (ब्रिक्स म्हणजे साखरेचा टक्का) आणि गार पाकासाठी ६६ची. पाक तोच, फरक फक्त उष्णतेचा. आपल्याकडे काकवी करणाऱ्यांनी ब्रिक्सची नळी घेतली तर हाच हिशेब लागू पडतो. मिठासाठी मात्र बोमेचीच घ्यावी, पाण्याहून जड द्रवांसाठीची, आणि ० ते ७० एवढा पल्ला एकाच दांडीवर कोंबलेली टाळावी. त्यात खुणा इतक्या दाट असतात की अर्धा अंश वाचताच येत नाही. २० ते ३०च्या पल्ल्याची नळी थोडी महाग पडली तरी तीच बरी. दांडीवर क्षार सुकून बसला तर नळी जड होऊन जास्त बुडते, म्हणून प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवावी. पूर्ण पल्ल्याची नळी स्वच्छ पाण्यात ० दाखवते का, हेही अधूनमधून पाहावं, कारण आतली कागदी पट्टी सरकू शकते.

पिढ्यान् पिढ्या मीठ पिकवणाऱ्याला नळी कशाला, असं कोणी म्हणेल. पाण्यावर स्फटिकांची साय धरली की मीठ सुरू झालं, हे त्याच्या डोळ्यांना अचूक कळतं, आणि तो अनुभव मोलाचा आहे. पण शेवट डोळ्यांना दिसत नाही. २९च्या आधी आणि ३०च्या नंतर बसलेलं मीठ सारखंच पांढरं असतं. नळीची खरी गरज तिथे आहे. दुसरा आक्षेप असा की आता दोन थेंबांत उत्तर देणारा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो. तो प्रकाश किती वाकतो ते मोजतो, आणि बाजारात सहज मिळणारे बरेचसे साखरेसाठी आखलेले असतात. त्यांवर मिठाच्या पाण्याचा आकडा आला तरी तो मिठाचा टक्का नसतो. शिवाय उथळ वाफ्यात अवकाळी सरीचं गोडं पाणी वर तरंगत राहतं. दोन थेंब वरूनच उचलले गेले तर फसगत होते. नळीसाठी उंच भांडं भरून घ्यावं लागतं, आणि ते तळाजवळून भरलं तर ही चूक टळते. आकडा २९ला टेकला की पाणी सोडून द्यावं. थोडं मीठ त्याबरोबर वाहून जाईल, पण त्या कडू पाण्यातूनच मॅग्नेशियमचे क्षार वेगळे काढता येतात. मिठात एकदा शिरलेलं मॅग्नेशियम काढायला मात्र मीठ पुन्हा दाट खाऱ्या पाण्याने धुवावं लागतं.