लाइट आल्यावर गिरणी आपोआप सुरू होते का? आधी तपासा

पिठाची गिरणी, मिरची कांडप, डाळ मिल... बऱ्याच गटांकडे आता थ्री फेज मोटर आली आहे. मोटरजवळच्या भिंतीवर स्टार्टरचा डबा असतो, त्याला एक हिरवं बटण आणि एक लाल. हिरवं चालू, लाल बंद, एवढं सगळ्यांना माहीत आहे. पण या डब्याचं सगळ्यात मोठं काम लाइट गेल्यावर कळतं.

समजा, कांडप चालू असताना लाइट गेली. अडकलेली मिरची काढायला कुणी आत हात घातला आणि तेवढ्यात लाइट आली. जोडणी बरोबर असेल तर मशीन गप्प राहतं. नुसता साधा खटका लावलेला असेल तर पट्टा त्याच क्षणी फिरतो. मग हात, पदर, वेणी, काय सापडेल ते.

डब्यात कॉन्टॅक्टर असतो. म्हणजे चुंबकाने ओढला जाणारा खटका. त्याच्या कॉइलला वीज मिळाली की खट्ट आवाज होतो, तिन्ही फेज जुळतात आणि मोटर फिरते. कॉइलची वीज एका फेजवरून निघते, आधी लाल बटणातून जाते, मग हिरव्यातून, मग कॉइलच्या ए१ या टोकाला. दुसरं टोक ए२. लाल बटण एरवी जोडलेलं असतं, दाबलं की तुटतं. हिरव्याचं उलटं.

मग हिरव्यावरचं बोट काढलं तरी मशीन चालू कसं राहतं? कॉन्टॅक्टरवर १३ आणि १४ आकडे लिहिलेला एक छोटा जोड असतो. तो हिरव्या बटणाला समांतर लावतात. कॉन्टॅक्टर ओढला गेला की हा जोडही मिटतो आणि कॉइलला त्यातून वीज मिळत राहते. वायरमन याला होल्डिंग म्हणतात. लाइट गेली की चुंबक सुटतं, हा जोड उघडतो, आणि लाइट परत आली तरी कुणी हिरवं दाबेपर्यंत उघडाच राहतो.

बोट काढताच मशीन बंद पडत असेल तर हा जोड किंवा त्याची वायर बिघडली आहे. अशा वेळी हिरव्या बटणात काडी खोचून काम चालवतात, ते अजिबात नको. काडी खोचली की तो साधा खटकाच झाला. विहिरीवरच्या पंपाला ऑटो स्विच असतो तसा गिरणीला लावून द्या, असंही कुणी सुचवेल. पंपाजवळ माणूस नसतो, गिरणीत तुम्ही असता.

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. कॉइल २२० व्होल्टची असेल तर ए२ न्यूट्रलला, ४१५ ची असेल तर दुसऱ्या फेजला. २२० ची कॉइल दोन फेजवर लावली तर जळते. मोटरला आणि डब्याला अर्थिंग हवंच. तो जायच्या आधी, पैसे देण्यापूर्वी म्हणा हवं तर, मशीन रिकामं चालू करा, मेन स्विच बंद करा आणि थोड्या वेळाने परत लावा. मशीन सुरू झालं तर काम परत करायला लावा. घास घालणारीचा हात लाल बटणापर्यंत पोचतो का, तेही बघा. पोचत नसेल तर तिच्याजवळ दुसरं लाल बटण पहिल्याच्याच ओळीत जोडता येतं. कुत्र्याच्या छत्रीसारखं मोठ्या डोक्याचं मिळतं, ते घ्या.

लाल दाबलं तरी डब्यात येणाऱ्या वायरींत वीज असतेच. म्हणून सफाई करताना किंवा पट्टा बदलताना मेन स्विच बंद, फ्यूज काढलेले, आणि ते फ्यूज काम करणारीच्याच पिशवीत.

कॉन्टॅक्टरखालचा ओव्हरलोड रिलेही याच ओळीत असतो. एक फेज गेला की मोटर नुसती घुमते आणि तापते, तेव्हा तो कॉइलची वीज तोडतो. त्याचा आकडा मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरइतका ठेवतात. सारखा ट्रिप होतो म्हणून कुणी तो वाढवून देत असेल, तर आधी तिन्ही फेज येतात का ते मोजायला सांगा.