परदेशीय संवादाची यांत्रिक तालीम

परकी भाषा बोलतांना माणसाच्या हातून दोन प्रकारच्या चुका घडतात. पहिली व्याकरणाची. क्रियापदाचा काळ चुकला किंवा शब्दयोगी अव्यय भलतेंच पडलें, तर ऐकणारा मनांत म्हणतो, ‘याला भाषा अजून नीट येत नाहीं’. आणि सांभाळून घेतो. दुसरी चूक औचित्याची. वाक्य शुद्ध असतें, उच्चारहि स्वच्छ असतो. पण आज्ञेसारखी केलेली विनंती किंवा तोंडावर दिलेला नकार ऐकून समोरचा ठरवितो, ‘हा गृहस्थ उद्धट आहे.’ पहिल्या चुकीचा दोष भाषाज्ञानाला लागतो, दुसरीचा स्वभावाला. जेनी थॉमस या ब्रिटिश विदुषीनें १९८३ सालीं एका निबंधांत हा भेद विशद केला. परदेशीय विद्यार्थ्यांशीं इंग्रजींतून संवाद करूं पाहणाऱ्यानें तो नीट ध्यानांत घ्यावयास हवा.

मराठी विद्यार्थ्याच्या बाबतींत या दुसऱ्या चुकीचें मूळ पुष्कळदां मातृभाषेच्या घडणींत असतें. मराठींत आदर क्रियापदाच्या रूपांतच वसतो. ‘ती वही द्या’ एवढें म्हटलें कीं विनयाला कांहीं कमी पडत नाहीं. ‘प्लीज’चा प्रतिशब्द रोजच्या बोलण्यांत शोधावा लागत नाहीं. इंग्रजींत लहानथोर सर्वांना एकच ‘यू’. आदरासाठीं क्रियापद बदलत नाहीं. म्हणून तेथें विनय वाक्याच्या बांधणींतून आणावा लागतो. ‘गिव्ह मी द बुक’ असें न म्हणतां ‘कुड यू पास मी द बुक?’ असें विचारावें लागतें. नियम म्हणून हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु ऐन वेळीं मराठी वाक्य मनांत उभें राहतें आणि त्याचें शब्दशः रूपांतर तोंडून बाहेर पडतें. यावर उपाय पाठांतर नव्हे, तालीम होय.

या तालमीची गरज आतां वाढली आहे. दोन देशांतील दोन वर्गांनीं संगणकाच्या द्वारें कांहीं आठवडे एकत्र अभ्यास करावा, ही पद्धति अनेक विद्यापीठांनीं स्वीकारली आहे. अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत १९९७ सालीं ‘कुल्तुरा’ नांवाचा उपक्रम सुरू झाला. त्यांत अमेरिकन व फ्रेंच विद्यार्थी एखादा शब्द ऐकून मनांत काय येतें तें आपापल्या भाषेंत लिहीत आणि दोन्ही उत्तरें शेजारीं ठेवून चर्चा करीत. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठानें २००६ सालीं अशा सहाध्ययनासाठीं स्वतंत्र केंद्र काढलें. पुष्कळ वर्गांची सामाईक भाषा इंग्रजी असते, आणि कित्येकदां ती दोन्ही पक्षांना परकीच असते.

येथें कृत्रिम बुद्धिमत्तेचें साह्य होऊं शकतें. नोव्हेंबर २०२२ मध्यें ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढें आलें. आज अशीं यंत्रें नुसतें उत्तर देऊन थांबत नाहींत. सांगितल्याबरहुकूम लहानसा प्रोग्रॅमहि लिहून देतात. शिक्षकानें साध्या भाषेंत आपली गरज सांगावी आणि यंत्रानें प्रश्न, पर्याय व संभाषण असलेलें पान सिद्ध करून द्यावें, इतकें हें काम सुलभ झालें आहे.

समजा, पुण्यांतील एका वर्गाचा जपानमधील वर्गाशीं असा संवाद व्हावयाचा आहे. शिक्षक एक प्रसंग योजतो: जपानी सहकाऱ्यानें आपल्या वांट्याचें काम वेळेवर पाठविलेलें नाहीं, त्याला आठवण द्यावयाची आहे. विद्यार्थी इंग्रजींत निरोप लिहितो. यंत्र सहकाऱ्याच्या भूमिकेंतून उत्तर देतें आणि निरोपांतील कोणतें वाक्य कठोर वाटण्याचा संभव आहे, तें दाखवितें. पेनेलोपी ब्राउन व स्टीव्हन लेव्हिन्सन या अभ्यासकांच्या मतें सौजन्याचें माप तीन गोष्टींवर ठरतें: दोघांचा परिचय किती, अधिकार कोणाचा मोठा आणि मागणीचें ओझें केवढें. साधनांत या तिन्ही गोष्टी बदलण्याची सोय ठेवली, तर तीच विनंती मित्राला, अपरिचिताला आणि प्राध्यापकाला कशी लिहावी, याचा सराव एका तासांत अनेकवार करतां येतो. चूक झाली तरी कोणी दुखावत नाहीं, वर्गांत हंसें होत नाहीं. बुजऱ्या विद्यार्थ्याला ही सवलत फार मोलाची आहे.

परंतु याच साधनांत एक धोकाहि आहे. ‘जपानी लोक कसे वागतात?’ असें विचारलें कीं यंत्र ठाम व नीटनेटकें उत्तर देतें. जपानी संभाषणांत ‘हाय्’ हा होकाराचा शब्द पुष्कळदां ‘ऐकत आहें’ एवढेंच सुचवितो, ही माहिती खोटी नव्हे. पण अशी माहिती सरसकट सर्वांना लावली, तर एकाच वर्गांतील बडबड्या आणि मितभाषी विद्यार्थ्यांतील भेद दिसेनासा होतो. हीं यंत्रें मुख्यतः लिखित मजकुरावर, आणि त्यांतहि फार मोठ्या प्रमाणांत इंग्रजी मजकुरावर, तयार झालेलीं असतात. त्यामुळें रूढ समजुतींबरोबर गैरसमजहि त्यांच्या उत्तरांत उतरतात. शिवाय विचारणाऱ्याची मर्जी राखण्याकडे त्यांचा कल असतो. खरा सहकारी कधीं रुसेल, कधीं गप्प बसेल. आणि ज्याच्या मनांत समोरच्याचें चित्र आधींच पक्कें झालें, तो त्याला कांहीं विचारीतच नाहीं. मग संवादाचा हेतूच फसला. यावर एक सोपी कसोटी आहे. विद्यार्थ्यानें त्याच यंत्राला ‘भारतीय विद्यार्थी कसा असतो?’ असें विचारावें. त्या वर्णनाशीं स्वतःचें किती जुळतें हें पाहिलें, म्हणजे दुसऱ्यांच्या वर्णनावर किती विसंबावें तें कळतें.

म्हणून असें साधन करवून घेतांना शिक्षकानें तीन पथ्यें पाळावीं. साधनानें एखाद्या राष्ट्राविषयीं निवाडा देऊं नये. प्रत्येक प्रसंगाच्या शेवटीं सहकाऱ्याला विचारण्याजोगा एक प्रश्न विद्यार्थ्याकडून लिहवून घ्यावा. दुसरें, शिक्षकानें मुद्दाम उद्धट व तऱ्हेवाईक निरोप घालून साधन पारखावें, आणि शक्य तर पलीकडच्या वर्गाच्या शिक्षकाकडून तें तपासून घ्यावें. तिसरें, सहकाऱ्यांचीं खरीं नांवें व खासगी पत्रें यंत्रांत घालूं नयेत. संवाद पुरा झाल्यावर यंत्राचें भाकीत आणि प्रत्यक्ष अनुभव हीं ताडून पाहावीं. जेथें तीं जुळत नाहींत, तेथें विद्यार्थ्याला शिकण्यासारखें कांहीं सांपडतें. आणि तेंच टिपून पुढील वर्षाच्या वर्गासाठीं साधन सुधारतां येतें.