शेक घेताना तोंड आलं, तर...

तोंडाच्या कर्करोगावर रेडिएशन, म्हणजे बोलीभाषेत ‘शेक’, साधारण 6 ते 7 आठवडे चालतो. आठवड्यातून 5 दिवस. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड लालबुंद होतं, गालाच्या आत पांढुरके चट्टे पडतात आणि वरणभात गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं.

असं का होतं? तोंडाच्या अस्तरातल्या पेशी दर 7 ते 14 दिवसांनी नव्या होतात. भरभर विभागणाऱ्या पेशींना किरणांचा फटका जास्त बसतो. जुनं अस्तर झिजतं, नवं वेळेत तयार होत नाही आणि जखम उघडी पडते.

हा त्रास पूर्ण टळत नाही, पण कमी नक्की होतो. आयएमआरटी तंत्रात किरणांची तीव्रता जागेनुसार बदलता येते, त्यामुळे निरोगी भागाला कमी मात्रा मिळते. बेंझिडामाइनच्या गुळण्या आणि कमी शक्तीचा लेसर यांचाही उपयोग सिद्ध झाला आहे. किडलेले दात उपचारांआधीच दाखवावेत.

घरी पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून 4-6 वेळा चुळा भराव्यात. ब्रश मऊ असावा. तिखट, आंबट, गरम पदार्थ, अल्कोहोलयुक्त माउथवॉश, तंबाखू आणि मिश्री बंद.

फोड बहुधा उपचार संपल्यावर काही आठवड्यांत भरतात. मात्र दुखतं म्हणून शेक मध्येच सोडू नका. खंड पडला की उरलेल्या कर्कपेशींना वाढायला वाव मिळतो. त्रास अंगावर काढू नका, डॉक्टरांना लगेच सांगा.